माईचा चिमटा

परळी वैजनाथ,
सोमवार, दुपार

प्रिय सखे,

काल कपाट आवरायला काढलं आणि वरच्या फळीवरून मेथीच्या लाडवांचा तो जुना डबा निघाला. लाडू कुठले गं आता! आत २०२० साली तू पाठवलेलं बोटाला लावायचं यंत्र होतं आणि त्याच्याखाली माईची वही. आठवतं ना, इथे दुकानात ऑक्सिमीटर मिळेना म्हणून तू तिकडून पाठवलंस. माईने खोकं उघडलं, उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाली, "एवढ्या लांबून पोरीनं कपड्याचा चिमटा पाठवला, अन् तोही एकच!" तेव्हापासून आमच्या घरात त्याचं नाव चिमटाच पडलं.

वही घेऊन बसले ती उठलेच नाही. कुकरच्या शिट्ट्याही मोजल्या नाहीत, वरणाचा पार लगदा झाला. (तुझ्या आवडीचं झालं म्हण की.) तुला सांगते, माईने पट्टीने तीन रकाने आखलेत: सकाळ, दुपार, रात्र. खाली नुसते आकडे. ९१, ९०, ९१, ९१, ९२, ९०. महिनोन्‌महिने तेच. पण आकड्याशेजारी बारीक अक्षरात काही काही लिहिलंय. '९१. झोप नाही.' '९०. रात्री गाडीचा आवाज.' '९१. घास उतरत नाही.' '९१. लोखंडीला नेल्याचं स्वप्न.' आकडा जागचा हलत नाही आणि शेजारची अक्षरं बघ कुठे चाललीत! तेव्हा मी रोज वही उघडायची, आकडा बघायची आणि मिटून ठेवायची. शेजारचं काल पहिल्यांदा वाचलं.

तुला माईचा दमा नवा नाही. तिच्या चुलीपुढे बसून आपण दहावीचा अभ्यास केला, धपाटे खाल्ले आणि धुरानं डोळे चोळत भूमितीची प्रमेयं पाठ केली. आपण तासाभराने उठून जायचो, ती तिथेच असायची. जन्मात तिने बिडीला हात लावला नाही, तरी छाती बिडी ओढणाऱ्यासारखी झाली. त्यात आपलं गाव. थर्मल वीजकेंद्राची राख, राखेच्या गाड्या, वीटभट्ट्या. वाळवणावर चादर टाकल्याशिवाय इथे कुणी पापड घालत नाही, हे तू तरी कशी विसरशील? डॉक्टरांनी नाव सांगितलं सीओपीडी. भारतात या आजाराची साडेपाच कोटी माणसं असल्याचा २०१६ चा अंदाज आहे. म्हणजे साडेपाच कोटी घरांत कुणी ना कुणी रात्री भिंतीला उशी लावून बसत असणार.

तर कोरोनाच्या त्या दिवसांत जिकडेतिकडे एकच सांगणं, ९४ च्या खाली गेलं की दवाखाना गाठा. आणि माईचा ठणठणीत दिवसाचा आकडा ९१! सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'वाली आशाताई दारात आली, कोवळी पोर. माईच्या बोटाला यंत्र लावलं आणि ९० बघून तीच पांढरीफटक पडली. माई तिला म्हणते, "घाबरू नको गं माय, माझा तेवढाच असतो. बस, पाणी पी." तपासणारीला तपासून घेणारीने पाणी पाजलं! पोर गेली, दार लागलं, आणि माई तशीच भिंतीला टेकून बसली. मी विचारलं, काय होतंय? "काही नाही, दम लागायलाय." चिमटा लावला तर ९१.

शेवटी अंबाजोगाईच्या एका छातीच्या डॉक्टरांनी फोनवर समजावलं, "त्यांचा नेहमीचा आकडा ९१ ना? मग तोच त्यांचा. त्यावरून घसरला तर बोला." इतकं साधं वाक्य, पण ते आमच्यापर्यंत पोचायला सहा महिने गेले. तोवर ती बाई स्वतःला रोज तीन वेळा नापास करत होती गं.

आणि खोकला! त्या मार्चमध्ये कुणालाही फोन लावला की आधी खोकला ऐकू यायचा, मग सूचना. माई पहिल्यांदा फोन लांब धरून म्हणाली, "कोण गं हा? याला आधी काढा द्या." आपण दोघी किती हसलो होतो त्यावर. पण पुढची गोष्ट तुला तेव्हा सांगितली नव्हती. एकदा ती किराणा आणायला माझ्याबरोबर आली. आखलेल्या गोलात उभी राहिली, आणि आला तिला तिचा नेहमीचा, वीस वर्षांचा जुना खोकला. पुढचे दोघे गोल सोडून गेले. दुकानदाराने काउंटरवरची पिशवी काठीने ढकलली. ती एक शब्द बोलली नाही. घरी येईपर्यंत पदर तोंडात धरून खोकला गिळत होती. कफाच्या माणसाने खोकला गिळणं म्हणजे काय, तूच विचार कर. त्यानंतर ओट्यावर बसणं बंद. तुळशीला पाणीही मीच घालायचं.

एक गोष्ट मला बरेच दिवस सुटत नव्हती. टाळेबंदीच्या त्या एप्रिल-मेमध्ये आपल्या अंगणातली हवा कधी नव्हे इतकी चांगली होती. तुळशीच्या पानावर बोट फिरवलं तर बोट कोरं यायचं. तिच्या छातीला इतकं हलकं कधी वाटायला हवं, तर तेव्हा. आणि नेमकी त्याच दिवसांत ती रात्री तीनला उठून बसायची, गुडघ्यांवर कोपरं टेकून, ओणवी. तिच्या धापेचं मूळ राखेत नव्हतं तेव्हा. डॉक्टरांनीच नंतर उलगडून सांगितलं: या आजारात हवा आत जाते, पण पुरती बाहेर पडत नाही. माणूस घाबरला की भराभर श्वास घेतो, जुनी हवा आत अडकलेली असतानाच नवी भरतो, छाती फुगून बसते आणि मग खरंच दम कोंडतो. दम कोंडला म्हणून जीव आणखी घाबरा होतो. उदासपण आणि भीती या आजाराच्या माणसांत एरवीही जास्त असते, म्हणाले. मग इतकी वर्षं पंप लिहून देताना कुणी विचारलं का गं तिला, "मनाला कसं वाटतं?" मीही नाही विचारलं.

तिची भीती मरणाची नव्हती. काल वहीतून कळलं, एकटं नेलं जाण्याची होती. लोखंडी सावरगावला मोठं कोविड रुग्णालय झालं ना, तेव्हापासून आपल्याकडे 'लोखंडीला नेलं' एवढंच म्हणायचे आणि गप्प व्हायचे. कितीतरी माणसं तिथून बरी होऊन आली, पण भीतीला ते कोण सांगणार! तुला सांगते, त्या जागी मुळात स्त्री रुग्णालय आणि म्हाताऱ्या माणसांसाठी, मनाच्या आजारांसाठी केंद्र व्हायचं होतं. मला हे कळलं तेव्हा मी बराच वेळ गप्प बसले. इमारतीला तेव्हा दुसरं काम लागलं, त्याला इलाज नव्हता. पण ते पहिलं कामही त्याच वर्षी सगळ्यांत जास्त लागत होतं, आमच्याच माजघरात लागत होतं.

२०२१ च्या एप्रिलमध्ये ऑक्सिजनची ओरड झाली तेव्हा आपल्या थर्मलमधलं, हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं यंत्र काढून अंबाजोगाईला स्वाराती रुग्णालयात नेऊन बसवलं. माईला बातमी वाचून दाखवली. ती बराच वेळ छताकडे बघत राहिली, म्हणाली, "थर्मलनं घेतलं तेवढं थोडं परत केलं." त्या रात्री वहीत लिहिलंय, '९१. झोपले.'

आणि तू! तुझे ते रात्रीचे फोन. तुला वाटायचं आपण उगीच वेळ खातोय. अगं, वहीत त्या रात्रींपुढे आकडाच नाही, नुसतं 'पोरीचा फोन' लिहिलंय. तू तिला ओठांचा चंबू करून हळूहळू श्वास सोडायचा शिकवत होतीस आणि ती म्हणाली, "अगं, ही तर फुंकणी! ही मला काय शिकवतीस?" तीच फुंकणी, फक्त विस्तव नको आणि घाई नको. अजून करते. दम लागला की डोळे मिटून आधी फुंकणी, मग पंप. आता फोनवरून मनाचं बोलायला सरकारची १४४१६ ही सोय आहे, मराठीत बोलता येतं. नंबर मी फ्रीजवर चिकटवलाय. तेव्हा आमच्याकडे तूच होतीस.

सगळं सरलं असं मात्र समजू नकोस. मास्क गेले, लग्नंकार्यं सुरू झाली, पण कुणी जवळ शिंकलं की तिचा हात अजून पदराकडे जातो. गर्दी म्हटलं की आदल्या रात्री झोप नाही. मी आता आकडा विचारत नाही, "रात्र कशी गेली?" एवढं विचारते. कधी सांगते, कधी "जा, चहा टाक" म्हणते.

देवळाच्या पायऱ्यांचं सांगायचं राहिलंच. टाळेबंदीत देऊळ बंद झालं, २०२० च्या दिवाळी पाडव्याला उघडलं, पुढच्या वर्षी पुन्हा बंद, नवरात्रात पुन्हा उघडलं. या सगळ्यात तिची सोमवारची वैजनाथाची फेरी तुटली ती तुटलीच. आज सकाळी आपणहून म्हणाली, "चल." मी घड्याळ बघितलं नाही, चिमटाही घेतला नाही. अकराव्या पायरीवर बसली. फुंकणी केली. शेजारी एक अनोळखी आजी धापा टाकत बसली होती, तिला माई म्हणाली, "घाई नको करू बाई, ओठ असे कर." दोघी चंबू करून बसलेल्या, आणि येणारे-जाणारे वळून बघतायत! मग वर न जाता तिथूनच हात जोडले आणि परत आलो. ती म्हणाली, बाकीच्या पायऱ्या तू आल्यावर.

तेव्हा डिसेंबरचं तिकीट काढ. आणि येताना चॉकलेटं आणू नकोस, चिमट्यात घालायचे बारके सेल आण. माई तो चिमटा आशाताईला द्यायचाय म्हणते, तिच्या सासऱ्यांना लागतोय.

तुझीच