घरचें पाणी आणि काळें पाणी

गतवर्षीं आमच्या पुण्याच्या घरीं एका अजब विषयावर वाद माजला होता. आमचा पुतण्या अंदमानांत सहलीस म्हणून गेला तो हॅवलॉक बेटावर चार दिवस राहून, पाणबुड्याचें प्रमाणपत्र खिशांत घालूनच परत आला. पाठीवर दाबलेल्या हवेचा सिलिंडर बांधून पाण्याखालीं श्वास घेत हिंडण्याची ही स्कूबा विद्या आतां पुष्कळांच्या ऐकिवांत आहे. त्याच्या गोष्टी ऐकून आमच्या कन्येनें, आपणहि शिकूं, असा हट्ट धरला. प्रश्न उरला तो एवढाच कीं, शिकावें कोठें? पुतण्याचें म्हणणें, तेथील निळें, ऊबदार पाणी सोडून पुण्यांतल्या तलावाच्या औषधी वासाच्या पाण्यांत रविवार कशाला घालवायचे? आम्हांस मात्र सुटीच्या मोजक्या दिवसांत असली विद्या उरकणें पसंत नव्हतें. मातोश्रींचें मत ह्या दोहोंहून निराळें पडलें. "ज्या काळ्या पाण्याच्या नांवानें आमच्या आजीच्या डोळ्यांस पाणी येई, तेथें तुम्ही पैसे भरून बुडायला जातां?" असें त्यांनीं विचारलें, आणि त्यावर कोणासच उत्तर सुचलें नाहीं.

ज्या वाचकांस ह्याची माहिती नसेल त्यांच्यासाठीं थोडें सांगितलें पाहिजे. पहिल्या पायरीच्या प्रमाणपत्रास तीन गोष्टी लागतात: पुस्तकी पाठ, तलावांतील अभ्यास आणि समुद्रांतील चार बुड्या. ह्या तिन्ही एकाच ठिकाणीं कराव्या असें बंधन नाहीं. पाठ व तलाव घरीं उरकून बुड्या दुसरीकडे मारतां येतात. पुढें साथीदारासह अठरा मीटर खोलीपर्यंत जाण्याची मुभा मिळते. मात्र ज्या परिस्थितींत शिकलांत त्याहून बिकट पाण्यांत आपल्या जबाबदारीवर उतरूं नये, असेंहि शिकवितात. हें कलम आमच्या पुतण्यानें वाचलें होतें, पण मनांत ठेवलें नव्हतें.

घरीं शिकण्याचा पहिला लाभ आम्हांस पाण्यांत पाऊल टाकण्यापूर्वींच झाला. प्रवेशाच्या वेळीं प्रकृतीविषयीं एक प्रश्नपत्रिका भरून द्यावी लागते: दमा आहे काय, कानाचें दुखणें झालें होतें काय, रक्तदाब आहे काय, इत्यादि. महत्त्वाच्या प्रश्नास 'होय' असें उत्तर आलें कीं डॉक्टरांची सही हवी. आम्ही रक्तदाबाची गोळी घेतों. आमच्या नेहमींच्या डॉक्टरांनीं हृदयाचा आलेख काढविला, आठवडाभर थांबविलें आणि मग सही दिली. पुतण्याच्या तुकडींत एक गृहस्थ ह्याच अडचणींत सापडले होते. बेटावर तपासणीची सोय त्यांस वेळेवर साधली नाहीं, आणि दुसऱ्यांचे ओले कपडे राखीत त्यांची सुटी वाळूवर संपली. खोटें उत्तर लिहून मोकळे होणारेहि असतात म्हणे; त्यांच्या धैर्याचें आम्हांस कौतुक वाटत नाहीं.

तलावांत मात्र आमची कन्या अडली, आणि तीहि भलत्याच ठिकाणीं. दोनशें मीटर पोहणें, दहा मिनिटें तरंगणें हें तिनें हंसत केलें. परंतु पाण्याखालीं मास्क काढून पुन्हां चढवावा व नाकानें फुंकर मारून आंतील पाणी बाहेर घालवावें, हा अभ्यास आला कीं ती घाबरी होऊन वर येई. तोंडानें श्वास चालू असतांना नाकाला पाणी लागलें कीं मन 'बुडालों' असें ओरडतें. बुद्धीचें तेथें चालत नाहीं. तीन रविवार असे गेले. चौथ्या रविवारीं तिनें घरून निघतांना कांहींच बोलणें केलें नाहीं, आणि तलावाच्या तळाशीं गुडघे टेकून तो मास्क लागोपाठ पांच वेळां काढला व चढविला. चार दिवसांच्या सहलींत हे रविवार कोठून आणावे?

तरी पुतण्याच्या बाजूनेंहि बोललें पाहिजे. तलावाला लाट नाहीं, ओढ नाहीं. तेथें माणूस फार लौकर शहाणा होतो. आम्ही कार्तिकांत मालवणास समुद्रांतील चार बुड्यांसाठीं गेलों, तेव्हां पहिल्याच दिवशीं होडीच्या हेलकाव्यानें आम्हांस उलटी झाली, आणि इतक्या रविवारांचा अभ्यास कठड्याला धरून बसला. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवासी शिक्षकाचा हात धरून अर्धा तास खालीं जाऊन येतात व छायाचित्र घेऊन परततात, तो निराळा प्रकार. त्यानें प्रमाणपत्र मिळत नाहीं. आमच्या चार बुड्या दोन दिवसांत पार पडल्या. तिसऱ्या दिवशीं पुतण्याहि येऊन मिळाला, आणि कन्येचा साथीदार म्हणून उतरला.

त्या दिवशीं पाणी गढूळ होतें. हॅवलॉकला पंधरा-वीस मीटरवरचा मासा दिसतो. येथें दोन-अडीच मीटरपलीकडे हिरवा अंधार. सुमारें सात मीटरवर दोघांची चुकामूक झाली. कन्येनें शिकविल्याप्रमाणें मिनिटभर चहूंकडे शोध घेतला आणि मग ती सावकाश वर आली. पुतण्या तिच्या आधींच वर आला होता. त्याच्या मास्कमध्यें पाणी शिरलें होतें, आणि साथीदार दिसेना म्हणून तो एकदम वर धांवला होता. ह्या विद्येचा पहिला नियम, श्वास कधींहि रोखूं नये. दहा मीटरवर पाण्याचा व हवेचा मिळून दाब वरच्यापेक्षां दुप्पट असतो. तेथें भरलेल्या फुप्फुसांतील हवा वर येतांना दुप्पट होऊं पाहते आणि कोंडली तर फुप्फुस फाडते. सात मीटर ही खोलीहि त्याला पुरेशी आहे. पुतण्या भीतीनें वाटभर ओरडत वर आला, म्हणून हवा बाहेर पडत राहिली, तेवढ्यानें निभावलें. होडींत अर्धा तास कोणी बोललें नाहीं. मग तो हळूच आमच्या कन्येस म्हणाला, "ताई, तुझ्या त्या तलावांत मला एक रविवार मिळेल का?" त्यास चार मिळाले.

माघांत आम्ही सर्वच हॅवलॉकला गेलों. सन २०१८ पासून ह्या बेटाचें नांव स्वराज द्वीप असें झालें आहे. पोर्ट ब्लेअर ऊर्फ आतांचें श्री विजयपुरम् येथून बोटीनें दोन-अडीच तास लागतात. तेथील पाण्याविषयीं पुतण्या सांगत होता तें सारें खरें निघालें. समुद्रपुष्पांच्या झालरींत अंग घुसळणारे नारिंगी मासे, टेबलाएवढीं प्रवाळें, आणि वरून थेट तळापर्यंत पोंचणारा सूर्यप्रकाश! मालवणच्या हिरव्या अंधारांत तयार झालेले आम्ही स्वतःस मोठे उस्ताद समजत होतों. इतक्या स्वच्छ पाण्यांत तळ हाताशीं आल्यासारखा वाटतो. एका कांसवाच्या मागें आम्ही अगदीं सुखानें उतरत चाललों होतों, तोंच कोणी खांद्यावर थाप मारली. वळून पाहतों तों पुतण्या! त्यानें आमचेंच खोलीमापक उचलून आमच्या डोळ्यांपुढें धरलें. कांटा अठरावर टेकला होता.

शेवटच्या बुडीनंतर विमानांत बसण्यापूर्वीं अठरा तास तरी जाऊं द्यावे लागतात. ते आम्हीं वाळूवर काढले. पुतण्यानें मातोश्रींस दूरध्वनि लावून दिला. आम्हीं कांसवाचें वर्णन केलें. अठराच्या कांट्याविषयीं कांहीं बोललों नाहीं. "कांसव देवळाबाहेरहि असतें," त्या म्हणाल्या, "घरीं केव्हां येतां तें सांगा."