हिवाळा आणि फटफटी

कार्तिक सरला की आमच्या घरी एकच वाद उपस्थित होतो: वडिलांची फटफटी संक्रांतीपर्यंत झाकून ठेवावी, की चालवावी? लडाखात बर्फाने रस्तेच बंद होतात. नगर जिल्ह्यात तसे काही नाही. शिवाय गाडी उभी राहिली की बॅटरी उतरते, हे आम्ही जाणतो. परंतु आमच्याकडे हिवाळा म्हणजे उसाच्या गाळपाचा हंगाम. गेल्या मार्गशीर्षात पहाटेच्या अंधारात, मागे दिवा नसलेली उसाची बैलगाडी वडिलांना अगदी जवळ गेल्यावर दिसली. देवकृपेने ते बचावले. त्या रात्री आईला झोप आली नाही. अखेर आम्ही ठरविले: फटफटी बंद ठेवावयाची नाही, मात्र सूर्य उगवल्यावाचून ती अंगणाबाहेर काढावयाची नाही. वडिलांना कामावर पोहोचण्यास थोडा उशीर होतो; पण आईचा जीव थाऱ्यावर असतो.