स्वकीय कुशल : खर्ड्याच्या भुईकोटांत एक दिवस

अहमदनगर जिल्ह्याचें (२०२४ सालापासून त्याचें सरकारी नांव अहिल्यानगर झालें आहे) आग्नेयेकडील टोंक म्हणजे जामखेड तालुका. आणि त्या तालुक्याच्याहि कडेला, बालाघाटाच्या सपाट माथ्याच्या डोंगरांजवळ, खर्डा हें गांव वसलेलें आहे. पलीकडे लागलीच धाराशिव जिल्ह्याची हद्द लागते. शाळेंत इतिहास शिकलेल्या प्रत्येक मराठी माणसाच्या कानांवरून हें नांव गेलेलें असतें. ११ मार्च १७९५ ही तारीखहि पुष्कळांस पाठ असते. परंतु नकाशा पुढें करून 'खर्डा दाखवा' म्हटलें, कीं विद्यार्थ्याचें बोट पैठणापासून परांड्यापर्यंत कोठेंहि फिरूं लागतें, हा आमच्या अध्यापनकाळांतील अनुभव. तें गांव आम्हीं स्वतः यंदा फाल्गुनांत पाहिलें.

आम्ही म्हणजे पांच जण. एक गणिताचे शिक्षक, एक टपाल खात्यांतून मुदतीपूर्वींच निवृत्त झालेले, एक वकील, एक बँकेंतील अधिकारी आणि प्रस्तुत लेखक. वयानें वडील आम्हीच; बाकीची मंडळी पन्नाशी उलटलेली, पण साठीच्या अलीकडची. वर्षांतून एकदां घर सोडून एखादा किल्ला पाहावयाचा, असा आमचा पंधरा वर्षांचा परिपाठ आहे. किल्ला हें केवळ निमित्त आहे, हें आमच्याआधीं आमच्या घरच्या मंडळींनीं ओळखलें होतें.

पन्नाशीच्या गृहस्थाची अवस्था मोठी चमत्कारिक असते, आणि एकत्र कुटुंबांत तर विशेषच. वडील माणसांपुढें आपलें दुखणें काढावें तर त्यांच्या जिवास घोर लागतो. मुलांपुढें काढावें तर तीं लगेच आपल्या हातांतून किल्ल्या काढून घेऊं पाहतात. पत्नीस सांगावें तर ती आपला आणखी एक उपवास वाढविते. अशा वेळीं बरोबरीच्या स्नेह्याचा कान तेवढा उरतो. तो उपाय सांगत नाहीं, आणि बहुधा तें त्याचें मोठें भूषण होय.

पुण्याहून आम्ही दौंडावरून सिद्धटेकास आलों. भीमेच्या तीरावरील हें अष्टविनायकांपैकीं एक क्षेत्र. देऊळ अहिल्याबाई होळकरांनीं बांधविलें असें सांगतात. अहिल्याबाईंचें जन्मस्थान चोंडी हेंहि ह्याच मुलखांत, जामखेड तालुक्यांत आहे. परंतु आमचें सिद्धटेकास थांबणें हरिपंत फडक्यांसाठीं होतें. गेलेली सरदारी परत मिळावी म्हणून हरिपंतांनीं येथें प्रदक्षिणांचें अनुष्ठान केलें, अशी आख्यायिका पुजारी सांगतात. तिच्यांत खरें किती, हा प्रश्न बाजूस ठेवूं. इतिहासास ठाऊक आहे तें इतकें, कीं बारभाईंच्या कारस्थानापासून वीस वर्षें नाना फडणविसांच्या खांद्यास खांदा लावून उभे राहिलेले हे हरिपंत १७९४ च्या जूनांत ह्याच सिद्धटेकास वारले. त्याच वर्षीं फेब्रुवारींत महादजी शिंदे वानवडीस निवर्तले होते. म्हणजे खर्ड्याची मोहीम निघाली तेव्हां नानांच्या बरोबरीची दोन मोठीं माणसें नाहींशीं झालीं होतीं. एक स्नेही, आणि एक तुल्यबळ प्रतिस्पर्धी. त्रेपन्नाव्या वर्षीं प्रतिस्पर्धी जाणें हेंहि एक प्रकारचें एकटेपणच होय. ज्याच्याशीं मनमोकळें भांडतां येतें अशीं माणसें त्या वयांत पुन्हां मिळत नाहींत.

सिद्धटेकाहून कर्जत व जामखेड करीत जातांना गाडींत नेहमींचा पाठ सुरू झाला. गणिताच्या शिक्षकांचे वडील अठ्ठ्याऐशीं वर्षांचे. त्यांची स्मृति गेली आहे. रोज संध्याकाळीं ते आपल्या मुलासच विचारतात, "मास्तर, आमचा मुलगा शाळेंतून आला का हो?" आणि आमचे मित्र उत्तर देतात, "येईल इतक्यांत." हें त्यांनीं सांगितलें तेव्हां गाडींत कांहीं वेळ कोणी बोललें नाहीं. मग वकिलांनीं आपलें काढलें. जन्मभर लोकांच्या वांटण्यांचे दावे लढविले, पण स्वतःच्या वाड्याच्या वांटणीची गोष्ट निघतांच धाकट्या भावापुढें तोंडांतून शब्द फुटत नाहीं; शिवाय मुलगा चौतीस वर्षांचा झाला तरी लग्नाचें नांव काढीत नाहीं. टपालवाल्यांना मधुमेह आहे, आणि त्यांची तक्रार रोगाविरुद्ध नसून सुनेविरुद्ध आहे. ती भाताचा डाव मोजून वाढते. आम्हीं आपल्या गुडघ्यांचें पुराण लाविलें. बँकवाले मात्र ऐकत होते. त्यांची बँक दुसऱ्या बँकेंत विलीन झाल्यापासून कामाचा ताण वाढला आहे, एवढें म्हणून त्यांनीं खिडकीबाहेर पाहिलें. बाहेर ज्वारीची काढणी चालली होती. हा अवर्षणाचा मुलूख. येथील कित्येक कुटुंबें दिवाळीनंतर ऊंसतोडीस जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडीं परततात. वाटेंत कांहीं घरांना कुलुपें दिसलीं तीं त्यामुळेंच असावींत.

खर्ड्याचा किल्ला भुईकोट आहे. निजामाचे सरदार असलेल्या निंबाळकर घराण्यानें तो अठराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास बांधिला. आकार चौकोनी, घडीव दगडाचा तट, बुरूज, भोंवतीं खंदक. आंत एक मशीद आणि एक खोल दगडी बारव. गांवांत निंबाळकरांची गढीहि आहे. १७९५ नंतरहि हें गांव व्यापाराचें व सावकारीचें मोठें ठिकाण होतें, असें इंग्रजी अमदानींतील गॅझेटियरावरून दिसतें. २०२१ च्या दसऱ्यास किल्ल्याजवळ ७४ मीटर उंचीचा भगवा ध्वज उभारला गेला. तो फार दुरून दिसतो, आणि किल्ला सांपडण्यास त्याचा उपयोग होतो. किल्ला स्वतः मात्र ठेंगणा व गंभीर आहे. चढण मुळींच नाहीं. यंदा 'डोंगरी किल्ला नको, भुईकोटच पाहूं' असा आग्रह बँकवाल्यांनीं धरिला होता. आम्हीं त्याचा अर्थ, आमच्या गुडघ्यांवर त्यांची दया झाली, असा घेतला होता.

लढाईची हकीकत थोडक्यांत अशी. चौथाईची थकबाकी निजामअली देईना. तो बिदराकडून फौजेसह निघाला आणि घाट उतरून ह्या मैदानाकडे आला. इकडून सवाई माधवराव पेशवे आले. त्यांना एकविसावें वर्षहि पुरें झालें नव्हतें. बरोबर दौलतराव शिंदे, तुकोजी होळकर, नागपूरकर भोसले. सेनापति परशुरामभाऊ पटवर्धन. ११ मार्च रोजीं पुढें टेहळणीस गेलेल्या परशुरामभाऊंवर पठाणांनीं घाला घातला; भाऊ जखमी झाले आणि त्यांचे आप्त विठ्ठलराव पटवर्धन पडले. परंतु दिवस मराठ्यांचा ठरला. रात्रीं निजाम फौजेसह मागें हटला आणि ह्याच तटाच्या आंत शिरला. मग कोंडी झाली, आणि तह ठरला: दौलताबाद व मोठा मुलूख, थकबाकी व खर्च मिळून तीन कोटींच्या घरांत रुपये, आणि दिवाण मुशीर-उल्मुल्क मराठ्यांच्या स्वाधीन. एवढे सगळे मराठे सरदार पेशव्यांच्या निशाणाखालीं एकत्र आले ते ह्या वेळीं शेवटचेच.

आम्हांला नेहमीं नवल वाटतें तें पुढील दीड वर्षाचें. त्याच सालच्या आक्टोबरांत सवाई माधवराव शनिवारवाड्यांत पडून वारले. १७९६ सालीं गादीच्या भानगडींत परशुरामभाऊ नानांच्या विरुद्ध पक्षास मिळाले आणि नानांना महाडाकडे पळावें लागलें. ज्या दोघांनीं ह्या मैदानावर एक विजय मिळविला, ते वर्ष सव्वा वर्षांत एकमेकांना भिऊं लागले. १७९७ च्या अखेरीस नाना शिंद्यांच्या कैदेंत पडले आणि ह्याच जिल्ह्यांत, अहमदनगरच्या किल्ल्यांत, त्यांनीं कांहीं महिने काढिले. परशुरामभाऊ १७९९ च्या सप्टेंबरांत कोल्हापूरकरांशीं लढतांना पट्टणकुडीजवळ पडले; त्यानंतर सहा महिन्यांनीं, १३ मार्च १८०० रोजीं, नाना गेले. नऊ लग्नें झालीं, पण मागें संतति उरली नाहीं. राज्यकारणाचीं कारणें निराळीं असतात, हें आम्हांस मान्य आहे. तरी सिद्धटेकास हरिपंत वारले नसते तर दोघांच्या मध्यें बसून "अहो, पुरे आतां" म्हणणारें एक माणूस असतें, हा विचार मनांतून जात नाहीं.

हें सर्व आज आपणांस इतक्या तपशिलानें कळतें त्याचें श्रेय एका शाळामास्तरास आहे. वासुदेवशास्त्री खरे (१८५८ ते १९२४) मिरजेच्या हायस्कुलांत संस्कृत शिकवीत. पटवर्धनांच्या दप्तरांतील कागद वाचून, लावून, 'ऐतिहासिक लेखसंग्रह' ह्या नांवानें त्यांनीं खंडामागून खंड छापिले. आमचाहि विषय संस्कृत. त्यामुळें शास्त्रीबोवांविषयीं आम्हांस थोडा जातीचा अभिमान वाटतो. त्या पत्रांत फौजांच्या हालचालींबरोबर कोणाचा ज्वर, कोणाची मुंज, सावकाराचा तगादा असें सगळें एकाच कागदावर येतें. जुन्या पत्रांचा मायनाच असा असे, कीं येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जावें. आणि मग मजकूर. म्हणजे राज्याची बातमी पुढें, आधीं तुझें कसें आहे तें सांग.

हें विवेचन आम्ही बारवेच्या पायरीवर बसून करीत होतों. वकिलांनीं वाटेंत घेतलेला कुंथलगिरीच्या पेढ्यांचा पुडा सोडला. कुंथलगिरी शेजारच्या भूम तालुक्यांत. तेथील खवा व पेढे प्रसिद्ध आहेत. मधुमेहाच्या टपालवाल्यांनीं निमूटपणें दोन उचलले. बँकवाल्यांनीं, ज्यांना गोडाचें कधीं वावडें नव्हतें, हात मागें घेतला.

गणिताचे शिक्षक आणि ते बालवर्गापासूनचे सोबती. गणितमास्तरांनीं पुडा खालीं ठेविला आणि विचारिलें, "तुझें कुशल काय रे?"

मग तें बाहेर आलें. दोन महिन्यांपूर्वीं जिना चढतांना छातींत कळ आली. तपासणींत हृदयाच्या तीन धमन्यांत अडथळे निघाले. शस्त्रक्रिया लवकर करा, असें डॉक्टरांनीं सांगितलें आहे. घरीं कोणास ठाऊक नाहीं. वैशाखांत पुतणीचें लग्न; थोरले बंधु सत्तरीचे, त्यांना रक्तदाब; बँकेंत वर्षअखेरची गडबड. लग्न पार पडलें म्हणजे पाहूं, असा बेत. हें सगळें त्यांनीं खातेउताऱ्यावरील आंकडे वाचावेत तसें सांगितलें.

वकील संतापले. टपालवाले डोळे पुशीत "अरे, पण तूं गाडी कशी चालवलीस?" म्हणून विचारूं लागले, कारण सिद्धटेकापर्यंत गाडी तेच चालवीत होते. आम्ही वयानें वडील, म्हणून सर्वांनीं आमच्याकडे पाहिलें. सुभाषितें पुष्कळ आठवलीं. एकहि उपयोगाचें वाटलें नाहीं. आम्हीं एवढेंच म्हटलें, कीं लग्नाच्या मांडवांत हें घडलें तर त्या मुलीच्या लग्नाचा दिवस जन्मभर कोणता म्हणून ओळखला जाईल, ह्याचा हिशेब तुमच्या बँकेनें केला आहे काय? ते बराच वेळ बारवेच्या पाण्याकडे पाहत राहिले. पत्नीस आधीं सांगावें कीं दादांस, ह्यावर दोन मतें पडलीं. त्यांनीं आधीं पत्नीस फोन लाविला आणि तटाच्या सांवलींत दूर जाऊन बोलले. काय बोलले तें आम्हीं ऐकलें नाहीं, विचारिलेंहि नाहीं. नंतर दादांस. दादांचा आवाज मोठा. तो आम्हां सर्वांस ऐकूं आला. "दोन महिने? आणि रोज माझ्या पंगतीला बसून जेवत होतास?" एवढें बोलून ते थांबले, आणि मग अगदीं हळू म्हणाले, "बरोबर कोण कोण आहे? त्यांना दे." फोन आमच्या हातांत आला. "गाडी हळू आणा," असें त्यांनीं सांगितलें. दुसरें कांहीं नाहीं.

गढी पाहावयाची राहिली. मुक्काम रद्द करून आम्ही तसेच परत फिरलों. गाडी गणितमास्तरांनीं चालविली, तीहि त्यांच्या स्वभावाप्रमाणें अत्यंत सरळ रेषेंत. टपालवाल्यांनीं वाटेंत मुद्दाम आपल्या सुनेचीं आणखी गाऱ्हाणीं सांगितलीं, आणि बँकवाले कर्जतेच्या पुढें पहिल्यानें हंसले.

रात्रीं अकरास त्यांच्या दारांत गाडी उभी राहिली तेव्हां दादा ओट्यावर बसले होते. त्यांनीं रागावण्याचें मनांत आणिलें होतें असें त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलें. पण त्यांनीं धाकट्या भावाच्या हातांतली पिशवी घेतली, ती वहिनींकडे दिली, आणि आम्हांस विचारिलें, "मंडळी जेवलीं का?" आंत पिठलें-भात तयार होता. आठ दिवसांनीं शस्त्रक्रिया झाली. वैशाखांत लग्नहि झालें. मंगलाष्टकांच्या वेळीं काकांस खुर्ची दिली होती, आणि अक्षता टाकण्यास ते एकदांच, दादांच्या खांद्यास धरून, उठले.