फळ्यावरचा आकडा



मी एका पतसंस्थेत कारकून आहे. दिवसभर जमा आणि नावे यांचा ताळा जुळवायचा, आणि संध्याकाळी विहारात बसून कुणाचा जातीचा दाखला, कुणाच्या मुलीच्या शिष्यवृत्तीचे कागद, कुणाच्या म्हाताऱ्या आईचे निराधार योजनेचे प्रकरण पाहायचे, असा गेल्या वीस-बावीस वर्षांचा माझा दिनक्रम आहे. निवडणूक आली की त्यात आणखी एका कामाची भर पडते. मतदान केंद्रावर आपले प्रतिनिधी बसवायचे आणि मतमोजणीच्या दिवशी टेबलाशी स्वतः बसायचे. बी.कॉम. झालेला, आकड्यांची सवय असलेला माणूस म्हणून मंडळी मलाच पुढे करतात. मलाही ते आवडते, हे लपवून काय उपयोग? या आवडीपायीच माझ्या हातून एक चूक घडली. ती सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

मोजणीचे वेड मला काकांकडून आले. ते मतपत्रिकांच्या काळात मोजणीला जात. दुसऱ्या दिवशी डोळे लाल करून घरी येत आणि अंगणात बसून सारी हकीकत सांगत. ती सांगताना एक गोष्ट त्यांनी कधी गाळली नाही. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बाबासाहेब उत्तर मुंबईतून उभे होते. तो मतदारसंघ दोन जागांचा होता. प्रत्येक मतदाराला दोन मते होती, आणि प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी, तिच्यावर त्याचे चिन्ह चिकटवलेले. बाबासाहेब काजरोळकरांकडून सुमारे १४ हजार मतांनी हरले, आणि त्याच निवडणुकीत ७४ हजारांहून अधिक मतपत्रिका बाद झाल्याची तक्रार बाबासाहेब आणि अशोक मेहता यांनी केली. काका म्हणत, "पडलेली मतं एका बाजूला आणि मोजलेली मतं एका बाजूला ठेवून पाहा. मधे जे हरवते ना, ते आपल्या माणसाचे असते." अर्थात निवडणूक हरण्याची कारणे एवढ्या एका वाक्यात मावत नाहीत, हे मोठेपणी वाचल्यावर समजले. पण वाक्य मनात राहिले.

आता यंत्रावर मत बाद होत नाही. तरीही पडलेले आणि मोजलेले यांचा ताळा घ्यावाच लागतो, आणि त्यासाठी एक साधा कागद आहे. नमुना १७-सी. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष त्यावर हिशेब लिहितो. केंद्रावर मतदार किती, नोंदवहीत सह्या-अंगठे किती झाले, नोंद होऊनही मत न देता परत गेलेले किती, यंत्रात नोंदलेली मते किती, कंट्रोल युनिटचा क्रमांक काय, कागदी सीलांचे क्रमांक काय. त्या वेळी हजर असलेल्या प्रत्येक प्रतिनिधीला या कागदाची सही केलेली प्रत द्यायचीच, असा नियम आहे. पण आपली मुले काय करतात? सहा वाजले की भुकेलेली, उन्हाने करपलेली पोरे यंत्राला सील लागले की निघून येतात. "साहेबांनी दिला नाही" म्हणतात. मी दर वेळी रागावतो. पतसंस्थेत कुणी पावती न घेता पैसे भरून घरी जातो का?

मोजणीच्या दिवशी हाच कागद उपयोगी पडतो. बहुधा एका विधानसभा क्षेत्राला १४ टेबले मांडतात. जाळीच्या पलीकडे कर्मचारी आणि यंत्र, अलीकडे आम्ही. मोबाइल आत नेता येत नाही. पेन, कोरा कागद आणि १७-सीच्या प्रती एवढेच न्यायचे. पहिल्या टेबलावर पहिले केंद्र, दुसऱ्यावर दुसरे, अशी मांडणी असल्यामुळे सहाव्या टेबलावरच्या माणसाला पहिल्या फेरीत ६ नंबरचे, दुसऱ्या फेरीत २० नंबरचे, तिसऱ्या फेरीत ३४ नंबरचे केंद्र दिसते. आपल्या वस्तीचे केंद्र कुठल्या टेबलावर येणार, हे आदल्या रात्री बेरीज करून काढावे लागते. यंत्र टेबलावर आले की आधी सील आणि क्रमांक दाखवतात, मग एकूण मते १७-सीशी ताडून पाहतात, आणि त्यानंतर निकालाचे बटण दाबतात. पहिल्या उमेदवारापासून 'नोटा'पर्यंत एकेक आकडा त्या छोट्या खिडकीत उमटतो. तो भराभर उतरवून घ्यायचा. पर्यवेक्षक १७-सीच्या दुसऱ्या भागात निकाल भरतो, त्याखाली आम्ही सह्या करतो आणि कागद निवडणूक अधिकाऱ्याच्या टेबलाकडे जातो. सगळा प्रकार पाच-दहा मिनिटांचा. पण ज्या माणसाचे आयुष्य रोजकीर्दीत गेले आहे, त्याला बेरीज जुळते तेव्हा जो आनंद होतो, तो मी शब्दांत सांगू शकणार नाही.

तर २३ मे २०१९ ची रात्र. मी मोजणीहून परतलो. विहाराच्या ओट्यावर सारी वस्ती जमली होती. मी घामेजलेल्या खिशातून कागद काढला आणि मुलांच्या अभ्यासिकेचा फळा बाहेर आणायला लावला. आमच्या केंद्राचा निकाल मी खडूने, ओळीने, मोठ्या अक्षरांत लिहिला. एकूण मते ६४१. आमचा उमेदवार इतकी, अमुक इतकी, तमुक इतकी. ज्या पक्षाशी वस्तीचे मुळीच जमत नाही, त्याच्यापुढे लिहिले, २१. खाली एकूण बेरीज मारून दोन रेघा ओढल्या. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी घरी जाऊन जेवलो आणि समाधानाने झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून पानठेल्यावर एकच चर्चा सुरू झाली. हे एकवीस कोण? उमेदवार हरल्याचे दुःख बाजूला राहिले. पोरे बोटे मोजू लागली. अमक्याचा भाऊ त्यांच्या गाडीवर ड्रायव्हर आहे, धरा दोन. तमक्याने त्यांच्याकडून लग्नाला पैसे घेतले होते, धरा चार. आणि एक मावशी. नवरा वारलेला, पदरी दोन नातवंडे. त्या पक्षाच्या एका पुढाऱ्याच्या घरी ती धुणेभांडी करते. तिचे नाव तर सर्वांत आधी घेतले गेले. दोन दिवसांनी तिच्या दारावर कुणीतरी कोळशाने २१ असा आकडा लिहिला. सार्वजनिक नळावर बायका तिच्याशी बोलेनाशा झाल्या.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती आमच्याकडे आली. ओट्यावर बसली, पाणी घेतले नाही. म्हणाली, "बापू, तुह्या फळ्यानं माह्या घराकडं बोट दाखवलं. म्या कोनाले मत देल्लं हे माहा मालक होता तवा त्यालेबी कधी सांगतलं नाही. अन् तू साऱ्या वस्तीले सांगून बसला."

मी म्हणालो, "मावशी, मी तुमचं नाव कुठे लिहिलं?"

ती म्हणाली, "नाव लिवायले लागते का?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी घाईघाईने नियम सांगू लागलो. हा आकडा सरकारच जाहीर करते, नमुना २० मध्ये केंद्रवार सारे छापून येते, कुणीही पाहू शकतो वगैरे. ती ऐकून उठली आणि गेली. आत माझी पत्नी भाकरी टाकत होती. ती एवढेच म्हणाली, "आकडा खरा असला म्हणजे तो भिंतीवर लिहायचाच असतो का?"

हे आतले झाले. बाहेरचेही घडले. महिन्याभराने त्याच पक्षाचा एक स्थानिक पुढारी वस्तीच्या तोंडाशी गाडी थांबवून उभा राहिला. हातात केंद्रवार आकड्यांचा कागद होता. नालीचे काम अर्ध्यावर थांबले होते, त्याबद्दल आम्ही चौघे बोलायला गेलो. त्याने कागदावर बोट ठेवले. "एकवीस मतांत किती फूट नाली बसते, तुम्हीच सांगा." नालीचे काम पुढे दीड वर्षाने झाले. म्हणजे गंमत पाहा, त्याच आकड्यासाठी एकीकडे आम्ही गद्दार ठरत होतो आणि दुसरीकडे शत्रू. मत गुप्त आहे असे आपण मुलांना शिकवतो. एकट्या माणसाचे मत गुप्त आहे, हे खरे. पण पाच-सहाशे मतांच्या वस्तीचे मत गुप्त नाही. बड्या शहरातल्या इमारतींना याची झळ लागत नसेल. जिथे एक केंद्र म्हणजे एक वस्ती, एक जात, एक नळ, तिथे ती लागते.

काकांच्या काळात यावर एक उपाय होता. मतदारांना धाकदपटशा होईल, मागाहून कुणी सूड उगवील अशी भीती असेल, तिथे अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजायच्या, अशी तरतूद नियमात केलेली होती. काका सांगत, गठ्ठे मोठ्या ड्रममध्ये टाकून फिरवत आणि मग टेबलांवर वाटत. कुठले मत कुठल्या वस्तीचे, ते देवालाही कळले नसते, असे ते म्हणत, आणि लगेच हसून "आपल्याकडे देव नाही, ते सोड" अशी पुस्तीही जोडत. २००४ पासून लोकसभेची सगळी निवडणूक यंत्रांवर आली. प्रत्येक यंत्र आपला निकाल वेगळा सांगते, म्हणून ही मिसळण मागे पडली. अनेक यंत्रांची मते एकत्र करून फक्त बेरीज दाखवणारे 'टोटलायझर' नावाचे उपकरण वापरावे, असा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २००८ मध्ये मांडला. विधी आयोगाने २०१५ च्या अहवालात त्याला दुजोरा दिला. सरकारने ते स्वीकारले नाही.

पण इथे माझ्यातला कारकून अडतो. सगळे मिसळून टाकले, तर माझ्या १७-सीचे काय? माझ्या केंद्रावर पडलेली मते माझ्या केंद्राच्या यंत्रातून निघाली की नाही, हे मी कशावरून ताडणार? २०२४ च्या निवडणुकीत मतदानाच्या आकड्यांवरून किती गदारोळ झाला, ते वाचकांना आठवत असेल. १७-सीची माहिती संकेतस्थळावर टाकावी म्हणून मागणी सर्वोच्च न्यायालयात गेली. निवडणूक चालू असताना तसा आदेश देण्यास न्यायालयाने २४ मे रोजी नकार दिला, आणि दुसऱ्या दिवशी आयोगाने पहिल्या पाच टप्प्यांतील मतदारांचे प्रत्यक्ष आकडे मतदारसंघवार प्रसिद्ध केले. मोजणी उघडी हवी आणि मावशीचे दार झाकलेले हवे, या दोन्ही गोष्टी मला एकदमच हव्या आहेत. वरच्या कायद्यात त्या कशा बसवायच्या, ते विद्वानांनी सांगावे. वस्तीपुरते काय करता येईल, एवढे मात्र २०२४ मध्ये करून पाहिले.

त्या वेळी आमच्याकडे २६ एप्रिलला मतदान होते. केंद्रावर प्रतिनिधी म्हणून प्रथमच एक मुलगी बसवली. आमच्या थोरल्या भावाची मुलगी, बारावी झालेली. तिला एकच सांगितले, कागद घेतल्याशिवाय उठायचे नाही. केंद्राध्यक्ष म्हणाले, गडबड आहे, नंतर या. ती खुर्चीवरून हलली नाही. रात्री साडेआठला सहीची प्रत घेऊन ती घरी आली, आणि माझ्या वहिनीने दोघांनाही भरपूर बोल लावले.

४ जूनला मोजणीत आमच्या केंद्राचे यंत्र टेबलावर आले. एकूण मते दाखवली, ५८७. माझ्या प्रतीवर ५८१! हातपाय गार पडले. मतदानाआधी चाचणीची मते टाकतात, ती पुसायची राहिली तर फरक पडतो, हे माहीत होते. पण ती निदान पन्नास तरी असतात. सहाचा फरक कसा? मी हरकत घेतली. पर्यवेक्षकबाई शांत होत्या. त्यांनी मूळ १७-सी जाळीजवळ धरला. तिथे स्पष्ट ५८७ होते. माझी प्रत कार्बनची, तिसरी-चौथी. सातची आडवी रेघ उमटलीच नव्हती. शेजारच्या टेबलावरचा प्रतिनिधी हसला. मीही हसलो, पण आता आमच्या मुलांना सांगून ठेवले आहे की, आकडा अंकात घ्या आणि शेजारी अक्षरांत स्वतःच्या हाताने लिहून ठेवा.

रात्री ओट्यावर पुन्हा वस्ती जमली. फळा बाहेर आणलेला होताच. मी खडू घेतला आणि लिहिले : यंत्रात नोंदलेली मते ५८७. मोजलेली मते ५८७. जुळली. त्याखाली संपूर्ण मतदारसंघाचा निकाल लिहिला आणि हात झटकले.

पोरे ओरडली, "काका, आपल्या केंद्राचं लिहा ना! त्यांना किती पडली?"

मी म्हटले, "नमुना २० प्रसिद्ध होईल. ज्याला पाहायचे त्याने पाहावे. मी लिहिणार नाही."

"पण आकडा काय लपतो का?" एकाने विचारले. तो बरोबर बोलत होता. दोन-तीन पोरे कुरकुरत निघून गेली. एकाने तर मला घाबरट म्हटले. म्हणू दे.

गर्दी पांगल्यावर मावशी आली. दारावरचा तो कोळशाचा आकडा तिने केव्हाच सारवून टाकला होता, पण निवडणुकीच्या रात्री ओट्यावर येणे मात्र तिने सोडले होते. तिला वाचता येत नाही. फळ्याकडे पाहून तिने विचारले, "काय लिवलं?"

मी वाचून दाखवले.

"म्हंजे जेवढे गेलो तेवढे सापडलो?"

"हो मावशी. तेवढेच."

"अन् बाकीचं?"

"बाकीचं नाही लिहिलं."

तिने मान हलवली. मग पुतणीकडे वळून, "पोरी, रातच्याले उपाशी बसली होतीस म्हणे," असे म्हणत पदराला बांधलेले चार शेंगदाण्याचे लाडू तिच्या हातावर ठेवले. एक मलाही मिळाला.