अप्पांची मॅटॅडोर

जुनी वस्तू विकत घेण्यात आमच्या घराने कधी कमीपणा मानला नाही. होळकरांच्या चाकरीच्या निमित्ताने आमचे पूर्वज माळव्यात आले, आणि तेव्हापासून घरातली समई, शिसवी कपाट, भिंतीवरचे घड्याळ, सारे काही कोणाच्या तरी हातून फिरून आमच्याकडे आलेले. तरीही १९९४ साली मी दहा वर्षे वापरलेली डिझेलची मॅटॅडोर घ्यायची ठरवली, तेव्हा आई म्हणाली, "अरे, कपाटाला काही रोज डिझेल पाजावं लागत नाही!"

गाडीची गरज तिच्याच उद्योगातून निर्माण झाली होती. आई आणि माझी पत्नी मिळून गोडा मसाला, मेतकूट आणि चकलीची भाजणी करीत. उज्जैन, देवास, धार, महू, पार खंडव्यापर्यंतच्या मराठी घरांतून मागणी येई. बसच्या टपावरून पाठवलेले डबे कधी चेपत, कधी भिजत, कधी भलत्याच गावी उतरत. मी बँकेत नोकरीला; रविवार तेवढा मोकळा. एखादी व्हॅन असेल तर आपणच माल पोचवू, असा हिशेब मी मांडला.

दुसरे एक कारण होते, ते मी कोणालाच सांगितले नाही. ते कारण म्हणजे अप्पा.

अप्पा इंदूरच्या एका कापड मिलमध्ये एकतीस वर्षे फिटर होते. नव्वदच्या दशकाच्या आरंभी ती मिल बंद पडली. पगार थांबले, देणी अडकली. अप्पांनी तक्रार केली नाही. पहिल्या पाळीच्या भोंग्याच्या वेळी ते पूर्वीप्रमाणेच जागे होत. भोंगा मात्र आता वाजत नसे. मग स्नान करून, स्वच्छ सदरा घालून ओट्यावर वर्तमानपत्र घेऊन बसत. दुपारी पाहावे तो पान तेच. एके दिवशी जेवताना त्यांच्या हाताकडे माझे लक्ष गेले. नखांच्या कडेला जन्मभर राहिलेली तेलाची काळी रेघ पुसली गेली होती. त्या पांढऱ्या नखांनी मला जेवढे अस्वस्थ केले तेवढे अडकलेल्या पैशांनी केले नव्हते.

आमच्या भागात त्या काळी कोणत्याही व्हॅनला मॅटॅडोरच म्हणत. खरी मॅटॅडोर ही बजाज टेम्पोची. मूळ आराखडा जर्मन, घडण पुण्याजवळच्या आकुर्डीची. आम्ही पाहायला गेलो ती १९८४ची होती. दलालाने आम्ही पोचण्यापूर्वीच इंजिन चालू करून ठेवले होते आणि ते सुरेख चालत होते. अप्पांनी इंजिनाच्या झाकणावर तळवा टेकवला आणि शांतपणे म्हणाले, "उद्या सकाळी येतो. गार असताना दाखवा." तापलेले डिझेल इंजिन कसेही चालू होते, त्याचे खरे रूप थंडीत गारठलेल्या पहाटे दिसते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. डिझेलला ठिणगी लागत नाही. दाबली गेलेली हवाच इतकी तापते की तीत फवारलेले इंधन आपोआप पेटते. सिलिंडर झिजले की तो दाब घटतो आणि गार इंजिन कुरकुरू लागते.

दुसऱ्या दिवशी अप्पा रुमालात एक लोहचुंबक गुंडाळून घेऊन आले. पत्र्यावरून ते फिरवीत गेले. जिथे चुंबक धरेना तिथे गंज खरवडून आत पुट्टी भरलेली. इंजिन चालू असताना तेलाचे झाकण काढून तिथे हात धरला, कारण झिजलेले इंजिन तिथून धापा टाकते. हीटर प्लगचा दिवा विझेपर्यंत थांबून किल्ली फिरवली, तेव्हा क्षणभर पांढरा धूर आला आणि मग निवळला. पत्र्यात दोष होते, इंजिनात नव्हता. पुट्टीच्या प्रत्येक ठिगळामागे थोडे थोडे उतरत सौदा साठ हजारांवर ठरला. परतताना अप्पा माझ्याशी बोलत होते. कितीतरी महिन्यांनी इतके बोलत होते.

अप्पांना गाडी चालवता येत नव्हती आणि त्यांनी ती शिकण्याचा हट्टही धरला नाही. चालवायची मी, राखायची त्यांनी, अशी वाटणी झाली. छावणीतल्या एका वृद्ध मिस्त्रीकडे ते महिनाभर रोज जाऊन बसले. कापडाच्या यंत्रांत जन्म गेलेला हा माणूस साठीच्या घरात डिझेलची मुळाक्षरे गिरवू लागला. "धुआँ झूठ नहीं बोलता, बाबूजी," हा मिस्त्रींचा पहिला पाठ. काळा धूर म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी. आधी हवेची जाळी पाहावी. निळा म्हणजे तेल जळते आहे. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही राहिला तर पाण्याची शंका घ्यावी. नवे तेल घातल्यावर दोनच दिवसांत काळे झालेले पाहून अप्पा धास्तावले, तेव्हा मिस्त्री हसले. डिझेलची काजळी तेलाने आपल्या अंगावर घ्यायचीच असते. काळे झाले म्हणजे ते काम करते आहे.

या इंजिनाचे वैरी दोन, पाणी आणि हवा. दर पंधरवड्याला फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून साचलेले पाणी सोडायचे. टाकी कोरडी पडून नळीत हवा शिरली तर हातपंप मारीत, बुडबुडे थांबून डिझेलची अखंड धार लागेपर्यंत हवा काढायची. अप्पांनी एक लांब वही घातली आणि तीत रकाने आखले : तारीख, किलोमीटर, लक्षण, कारण, उपाय. मिलमध्ये ते अशीच नोंद ठेवीत. रविवारी मिलमधले दोघे-तिघे जुने सोबती येत, इंजिनाचे झाकण उघडले जाई आणि चहा होईपर्यंत आवाजाची चिकित्सा चाले. अप्पांच्या नखांकडे मी चोरून पाही. रेघ परतली होती.

१९९७च्या मे महिन्यातली गोष्ट. खंडव्याला माल पोचवायचा होता आणि अप्पाही बरोबर निघाले. चार दिवस आधी त्यांनी सांगितले होते, "रेडिएटरचा वरचा होज पाइप दाबून पाहा. भेगा पडल्यात. बदलून घे." मी हो म्हणालो. बँकेतून येताना दुकान लागे, पण घाई असे. परतताना मोरटक्क्याचा पूल ओलांडून, बडवाह मागे टाकून आम्ही भेरूघाट चढू लागलो. तपमानाचा काटा चढत गेला. मी गती कमी केली. मग काटा एकाएकी खाली आला आणि मी सुटकेचा निश्वास टाकला.

"थांबव," अप्पा म्हणाले. "आत्ता थांबव. पाणीच उरलं नसेल तर तो काटा मोजणार काय?"

होज फाटला होता. मी कॅन घेऊन धावलो, तर त्यांनी माझा दंड धरला. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतले तर हेड तडकते. एक-दीड तास वाट पाहावी लागणार होती. आम्ही रस्त्याकडेच्या कठड्यावर बसलो. खाली दरी काळोखी होत होती, ट्रक घुमत वर येत होते. पुष्कळ वेळाने अप्पा बोलू लागले. मला वाटले, गाडीविषयीच.

"यंत्र एका दिवसात बंद पडत नाही. आधी आवाज बदलतो. आमच्या खात्यातल्या जुन्या यंत्रांचा आवाज मी कितीतरी वर्षं ऐकत होतो. सुटे भाग येईनात, बेअरिंगला बेअरिंग मिळेना. मी कागदावर लिहून वर दिलं. एकदा दिलं." ते थांबले. "मग वाटलं, आपण फिटर. आपलं काम सांगायचं."

मिल बंद पडल्यापासून त्यांनी मिलविषयी काढलेले हे पहिले शब्द. मी काहीच बोललो नाही. माझी चूक शेजारीच, गरम लोखंडाच्या वासाने दरवळत उभी होती आणि तिच्याविषयी त्यांनी एक अक्षरही उच्चारले नव्हते.

दुसऱ्या दिवशी तेलाची पट्टी काढली तर तेल ताकासारखे पांढुरके. हेड गॅस्केट गेले होते. हेड उतरवून लेथवाल्याकडे सपाट करून घेतले, नवे गॅस्केट बसवले, आणि होजही बदलला. दिवाळीच्या भाजणीतून जमलेली सारी रक्कम त्यात गेली. आईने कपाटाची आठवण करून दिली नाही. तिचे मोठेपण मला तेव्हा कळले.

गाडी त्यानंतर बारा वर्षे चालली. अप्पा २००६ साली गेले. मिलची देणी मिळण्यापूर्वीच. २००९मध्ये गाडी भंगारात दिली. आता मसाल्याचे काम सून पाहते. तिची नवी गाडी किल्ली फिरवताच सुरू होते. तरी मी चालवायला बसलो की दिवा विझेपर्यंत हात आपोआप थांबतो. नातू विचारतो, "आजोबा, कशाची वाट पाहताय?"

वही मात्र मी गेल्या वर्षी पहिल्यांदा नीट वाचली. आजवर उघडली नव्हती, त्याचे कारण मला ठाऊक होते. भेरूघाटाच्या दिवसाची नोंद कशी असेल याची भीती होती. हीटर प्लग, फिल्टर, टॅपेट असे करीत शेवटी ते पान आले. लक्षण : तपमान वाढून एकदम उतरले. उपाय : हेड सपाट, गॅस्केट, होज. मधल्या 'कारण'च्या रकान्यात माझे नाव असेल, असे मी सत्तावीस वर्षे धरून चाललो होतो.

तिथे अप्पांच्या बारीक, सरळ अक्षरात लिहिले होते : "होज जुना. मी एकदाच सांगितले. पुन्हा सांगितले नाही."