निळा डबा

आमच्या घरी प्लॅस्टिक आले ते बोहारणीच्या पाटीतून. दोन जुन्या साड्या, यांची एक विटकी पँट आणि अर्धा तास घासाघीस, एवढ्या मोलावर मी झाकणाचा एक निळा डबा मिळवला आणि गड सर केल्याच्या थाटात घरात आले. पुढे सासूबाईंचे पितळी डबे एकेक करून मोडीत गेले. कल्हई नको, चिंच लावून घासणे नको, पडला तरी पोचा येत नाही! संसाराला आणखी काय हवे असते?

लेकीचे सासर गावातच. तिला दिवस राहिले तसा डोहाळे पुरवायचा मान माझ्याकडे आला. रोज दुपारी कढत आमटी, वर तुपाची धार, त्या निळ्या डब्यातून तिच्याकडे जाई. आणि यंदा श्रावणात, सहा आठवडे आधीच नातू जन्माला आला. वजन जेमतेम दोन किलो. काचेच्या पेटीतला तो इवलासा जीव पाहून माझ्या तोंडून शब्द फुटेना.

"आईचं दूध स्टीलच्या वाटीतच आणा हं. गरम काही प्लॅस्टिकमध्ये नको," तिथल्या तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मी कारण विचारले. त्यांनी शांतपणे सांगितले. प्लॅस्टिक मऊ राहावे म्हणून त्यात थॅलेट नावाची रसायने घालतात. ती त्यात घट्ट बांधलेली नसतात. उष्णता आणि स्निग्धता मिळाली की अन्नात उतरतात, आणि आईच्या रक्तातून वार ओलांडून गर्भापर्यंत पोचतात. शरीराच्या संप्रेरकांत ती ढवळाढवळ करतात. २०२२ साली अमेरिकेतल्या १६ अभ्यासांतील सहा हजारांहून अधिक गरोदर स्त्रियांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा ज्यांच्या लघवीत ही द्रव्ये जास्त होती त्यांच्यात अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाचे प्रमाणही अधिक दिसले. कडक प्लॅस्टिकमधल्या बिस्फेनॉल-ए या दुसऱ्या द्रव्याला तर युरोपने २०११ सालीच बाळांच्या दुधाच्या बाटल्यांतून हद्दपार केले आहे.

"म्हणजे माझ्या आमटीमुळे...?" माझा आवाज कापत होता.

"छे हो, आजी! हा हजारोंचा हिशेब. या एका बाळाचं कारण त्यावरून कुणालाच सांगता येणार नाही. आणि थॅलेट शरीरात साठून राहत नाहीत, एक-दोन दिवसांत बाहेर पडतात. आज सवय बदलली, तर आजच फायदा."

मी पेटीकडे पाहिले. बाळाच्या नाकातून गेलेली दुधाची नळीही प्लॅस्टिकचीच होती. तिच्याच आधाराने ते जगत होते. कुणाला दोष द्यावा?

तरी रात्री झोप येईना. शेवटी लेकीला सगळे सांगून टाकले. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "आई, तेव्हा घशाखाली उतरत होती ती तेवढी एक आमटीच. उद्या पुन्हा कर. फक्त स्टीलच्या डब्यातून आण."

आता बाळ घरी आले आहे, अंगाने भरते आहे. यंदाचा चिवडा स्टीलच्या डब्यात बसला आहे. निळा डबा मात्र मी टाकलेला नाही. त्यात पणत्या ठेवल्या आहेत. उद्या त्याच लावायच्या. नातवाचे पहिले अभ्यंगस्नान आहे.