पसंतीक्रम

मालाडमध्ये एखाद्या घरात बारावी आहे हे दाराबाहेरूनच कळतं. टीव्ही चालू असतो, पण त्याला आवाज नसतो. पाहुणे येतात ते आधी फोन करून, आणि चहा झाला की उठतात. गणपतीत त्या घरून शेजाऱ्यांकडे प्रसाद जातो, माणसं जात नाहीत. आणि त्या घरातलं कुणीही लिफ्टमध्ये सापडलं की मजला येईपर्यंत एकच चौकशी, “मग, पुढे काय ठरलं?” ती करायला फारशी ओळख लागत नाही. आमच्या मामलेदारवाडीतल्या इस्त्रीवाल्यानेही केली, आणि त्याच्या भाच्याने दहावीनंतर डिप्लोमा केला, आता तो कमावतो, असा सल्लाही कपड्यांबरोबर घडी करून दिला. खरं सांगायचं तर वर्षभरात मिळालेल्या सल्ल्यांत तोच त्यातल्या त्यात शहाणपणाचा होता.

यंदा आमच्या घरात बारावी आहे. सायन्स, मॅथ्सचा ग्रूप. लेक सकाळी डबा घेऊन निघते ती कॉलेजला नाही, अंधेरीला क्लासला. कॉलेजात तिचं नाव आहे, प्रॅक्टिकलच्या दिवशी ती तिथे जातेही, पण कुणी कॉलेज विचारलं तर तिला क्षणभर आठवावं लागतं. ‘इंटिग्रेटेड’ म्हणतात या व्यवस्थेला. २०१८ साली सरकारने विज्ञान शाखेच्या मुलांची हजेरी बायोमेट्रिक करायचा आदेश काढला, तेव्हा आम्हा पालकांना वाटलं होतं, आता वर्ग भरतील. अंगठ्याचं यंत्र आणण्यापेक्षा वर्गात शिकवायला माणूस आणणं अवघड असतं, हे तेव्हा आमच्या लक्षात आलं नव्हतं.

या वर्षाचं गणित आता मला पाठ आहे. फेब्रुवारीत बोर्ड. मग इंजिनीअरिंगची सीईटी, २०० गुणांची. मॅथ्सचे ५० प्रश्न दोन-दोन गुणांचे, फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे प्रत्येकी ५०, एकेका गुणाचे. अकरावीच्या अभ्यासक्रमावर वीस टक्के, बारावीवर ऐंशी. चुकलं तर गुण कापत नाहीत, त्यामुळे शेवटच्या पाच मिनिटांत उरलेल्या सगळ्या प्रश्नांना काहीतरी उत्तर देऊन टाकायचं, हेही क्लासात शिकवतात. निकाल गुणांत येत नाही, पर्सेंटाइलमध्ये येतो. म्हणजे तुला किती आलं हे सांगत नाहीत, तुझ्या मागे किती जण आहेत ते सांगतात. सासूबाईंना हे समजावून सांगताना माझी पुरेवाट झाली. शेवटी त्या म्हणाल्या, “म्हणजे दुसऱ्याच्या पोराला कमी पडावेत म्हणून नवस बोलायचा?” मला उत्तर सुचलं नाही.

त्यानंतर कॅपचे, म्हणजे केंद्रीय प्रवेशाचे राउंड, आणि त्यासाठी पसंतीक्रम. तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात. कॉलेज आणि शाखा, कॉलेज आणि शाखा, अशी लांबलचक यादी. नवऱ्याने ऑक्टोबरातच एक्सेलची शीट उघडली. माटुंग्याचं व्हीजेटीआय सगळ्यात वर, मग मुन्शी नगरचं सरदार पटेल, विलेपार्ल्याचं संघवी, कांदिवलीचं ठाकूर, आपल्या मार्वे रोडवरचं अथर्व. बाजूच्या रकान्यात मागच्या वर्षीचा कटऑफ, त्याच्या बाजूला स्टेशन, त्याच्या बाजूला फी. या कॉलेजांपैकी एकाचंही फाटक लेकीने ओलांडलेलं नाही. लग्नाआधी मुलगी पाहायची पद्धत आपल्याकडे एवढी घट्ट, आणि चार वर्षं जिथे काढायची ती जागा मात्र कटऑफवरून पसंत करायची.

या प्रक्रियेतला एक नियम वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. पहिल्या फेरीत तुमचा पहिला पसंतीक्रमच मिळाला, तर ती जागा पक्की समजतात. मग पुढच्या फेऱ्यांचा विषयच संपला. नियम म्हणून तो बरोबर आहे, जागा अडवून ठेवणाऱ्यांना चाप बसतो. पण सतराव्या वर्षी ‘मला सगळ्यात जास्त हे हवं आहे’ असं लिहून द्यायचं, आणि ते मिळालंच तर त्यावर पुन्हा विचार करायची सोय नाही, हे वाचताना माझ्या पोटात गोळा येतो. तिसरा किंवा सातवा पर्याय मिळालेल्या मुलांना निदान थांबता येतं. अडकतो तो ज्याची इच्छा पुरी झाली.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या मुलीचं प्रकरण वेगळं आहे. तिचे वडील रिक्षा चालवतात. २०२४ च्या जुलैमध्ये सरकारने निर्णय केला, की आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या इतर मागास, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ. तोवर त्या घरात इंजिनीअरिंगचं नावही निघत नव्हतं. आता तिची आई प्लास्टिकची निळी फाइल छातीशी धरून हिंडते. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर, डोमिसाइल, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला आणि त्याची व्हॅलिडिटी. मालाड बोरिवली तालुक्यात येतं हे तिला या फाइलमुळे कळलं. “ताई, पोरीने अभ्यास करायचा आणि मी दाखले जमवायचे, असं वाटून घेतलंय,” ती म्हणाली. करिअर मार्गदर्शनाच्या कार्यक्रमांत मंचावरून ‘आवड ओळखा’ असं सांगणाऱ्या वक्त्यांनी एकदा ही फाइल उघडून बघावी. आवड ओळखायला कागद लागत नाहीत. ती पुढे न्यायची म्हटलं की लागतात.

मी स्वतः बारावी कॉमर्स. निकाल लागण्याआधीच टायपिंगच्या क्लासात नाव घातलं होतं, इंग्रजी चाळीस, मराठी तीस. आमच्या पिढीत मराठी घरातल्या मुलींचं करिअर त्या दोन आकड्यांवर तोललं जायचं. मला पतपेढीत नोकरी लागली, आणि तिथल्या टाइपरायटरवर कव्हर चढलं ते कायमचंच. नवऱ्याची गोष्ट जास्त मजेची. तो बी.कॉम. होऊन अकाउंट्सच्या फुटकळ नोकऱ्या करत होता. लिंक रोडपलीकडे चिंचोलीचं जुनं डम्पिंग ग्राउंड होतं, तिथे काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, माइंडस्पेस झालं, आणि मालाडला रात्री कामाला जाणारी माणसं दिसू लागली. हा त्यातलाच एक. अमेरिकेतल्या म्हाताऱ्यांना त्यांच्या बिलाबद्दल समजावता समजावता तो टीम लीडर झाला, मग मॅनेजर. तो बारावीत असताना वर्तमानपत्रांच्या करिअर पुरवण्यांत ज्या धंद्याचं नावही नव्हतं, त्या धंद्याने आमचं वन बीएचके फेडलं. असा माणूस लेकीसाठी एक्सेल शीट करतो आणि त्यात पहिले चाळीस पर्याय कॉम्प्युटरचे टाकतो, याचं मला हसू येतं. पण त्याची भीतीही मला कळते. त्याच्या मजल्यावरच्या खुर्च्या कमी होताहेत, अर्धे कॉल आता माणूस घेतच नाही. ज्या यंत्राने आपली जागा घेतली, ते बनवणाऱ्यांच्या बाजूला तरी पोरगी असावी, एवढंच त्याचं म्हणणं.

आणि पोरगी? तिला दगड आवडतात.

हे आम्हाला कळलं ते क्लासच्या मेसेजवरून, ‘अनुपस्थित’. अंधेरीला उतरून ती गिल्बर्ट हिलला गेली होती. गावदेवीच्या पायऱ्या चढून वर बसली होती, एकटीच, केमिस्ट्रीच्या तासाला. संध्याकाळी बाप ओरडायच्या तयारीत होता, पण तिने त्याआधीच सुरुवात केली. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, बाबा. थंड होताना आकसला, म्हणून त्याचे असे उभे खांब झाले. दोनशे फूट उंच. असाच एक अमेरिकेत वायोमिंगला आहे, तिथे तिकीट काढून लोक बघायला जातात, आणि आपल्याकडे त्याच्या बुडाशी झोपड्या आणि टॉवर. मग तिने फोनवर वस्तुसंग्रहालयाचा फोटो दाखवला, फोर्टमधल्या, पूर्वीच्या प्रिन्स ऑफ वेल्सच्या. शाळेच्या सहलीला गेली होती तेव्हाचा. “यातला करडा दगड कुर्ल्याचा. आणि हा पिवळट आहे ना, तो आपला. मालाडचा. मालाड स्टोनच म्हणतात त्याला. ट्रॅकाइट. बेसाल्ट नाही तो.”

एवढी वर्षं इथे राहून मला हे ठाऊक नव्हतं. वास्तुविशारद विटेटसाहेबाने वस्तुसंग्रहालय बांधलं तेव्हा इथून दगड गेला, म्हणजे टाऊनला जाऊन नाव काढणारा मालाडचा पहिला रहिवासी तोच म्हणायचा. बाप मात्र विरघळला नाही. “दगडात काय करिअर?” तो म्हणाला, आणि जेवायला बसला.

त्या आठवड्यात तिला घेऊन मी सोमवार बाजारात गेले होते, आणि परतताना आम्ही हिमांशू राय रोडने आलो. बॉम्बे टॉकीजचं कंपाउंड तिने पाहिलं होतं, पण गाळे, वेल्डिंगच्या ठिणग्या, उभे टेम्पो, यापलीकडे तिला ते काही वाटत नव्हतं. मग मी सांगत गेले. १९३४ साली हिमांशू राय आणि देविका राणी यांनी इथे स्टुडिओ काढला. हिमांशू राय स्वतः लंडनला कायदा शिकायला गेलेले. अशोककुमारही वकिलीचा अभ्यास अर्धवट टाकून मुंबईला आला आणि इथल्या लॅबोरेटरीत सहायक म्हणून लागला. १९३६ च्या ‘जीवन नैया’च्या वेळी ठरलेला नायक बाहेर पडला, आणि लॅबमधल्या या मुलाला कॅमेऱ्यापुढे उभं केलं. त्याचा मेहुणा शशधर मुखर्जी इथे ध्वनिविभागात होता. तो पुढे निर्माता झाला आणि १९४३ साली गोरेगावला फिल्मिस्तान काढणाऱ्यांत होता. दिलीपकुमार १९४२ मध्ये इथे आला तेव्हा त्याने नाटकातसुद्धा काम केलेलं नव्हतं, घरचा धंदा फळांचा.

व्याख्यानांत या गोष्टी ‘नशीब कधीही उघडतं’ अशा थाटात सांगतात. मला त्यात नशिबापेक्षा कंपाउंड दिसतं. एकाच भिंतीच्या आत लॅब, ध्वनी, कॅमेरा, लेखन, सेट. सगळे पगारी. लॅबमधल्या माणसाला सेटवर काय चाललंय ते जाता-येता दिसत होतं, आणि मालकाला लॅबमधला माणूस दिसत होता. एका दारातून आत शिरून दुसऱ्या दाराने बाहेर पडता येत होतं, तेही पगार न बुडता. आमच्या लेकीच्या फॉर्ममध्ये कोड आहेत. एका इमारतीत वरखाली असल्या तरी मेकॅनिकल आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये जी भिंत आहे, ती ओलांडायची तर बहुतेकदा एक वर्ष आणि एका वर्षाची फी मोजावी लागते. म्हणून आपण सतराव्या वर्षाला एवढे घाबरतो. चूक होईल याचं भय नाही. ती दुरुस्त करायला आपल्याकडे पैसे नाहीत, याचं आहे.

‘आवडतं तेच कर’ असं मी तिला म्हटलं नाही. ज्यांच्या नावावर फ्लॅट आणि बँकेत ठेवी आहेत, त्यांनी ते वाक्य वापरावं. मी तिला एवढंच विचारलं, की दगडांचं शिक्षण मिळतं कुठे, आणि ते घेतलेली माणसं पोट कशावर भरतात? तिच्याकडे यादी तयार होती. झेवियर्समध्ये जिऑलॉजी आहे. पवईला आयआयटीत अप्लाइड जिऑलॉजीचं एम.एस्सी. आहे, त्याला जॅम नावाची परीक्षा. जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया १८५१ पासूनचा, तिथली भरती यूपीएससीतून. “आणि आई, कुलाब्यापासून आरेपर्यंत साडेतेहतीस किलोमीटर मेट्रो जमिनीखालून नेली ना? आता गोरेगाव-मुलुंडचे बोगदे नॅशनल पार्कच्या पोटातून जाणार. मशीन पुढे सरकायच्या आधी पुढचा दगड कसला आहे हे कुणी सांगायचं?”

ते मी जसंच्या तसं नवऱ्याला ऐकवलं. तो काही बोलला नाही. म्हणजे त्या दिवशी बोलला नाही.

नंतरच्या रविवारी शीट पुन्हा उघडी दिसली. पहिले चाळीस पर्याय जागच्या जागी होते. खाली मात्र एक नवा टॅब होता, त्याला नाव दिलेलं नव्हतं. त्यात झेवियर्स, फी, अर्जाची तारीख जाहीर झाली की टाकायला रिकामा रकाना, आणि स्टेशन, मरीन लाइन्स. सीईटीच्या फॉर्ममध्ये हा पर्याय कुठेच बसत नाही, तो अर्ज निराळा, त्यामुळे त्याला क्रमांकही नव्हता. लेक फिजिक्सचं जर्नल पूर्ण करत बसली होती.

“जाताना स्लो,” तो स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला. “एक तास धर. आणि येताना मरीन लाइन्सला चढायचं नाही, चर्चगेटपर्यंत चालत जायचं. तिथे बसायला मिळतं.”

“बाबा, मी अजून काहीच ठरवलेलं नाही.”

“नको ठरवूस. गाडी सांगून ठेवतोय.”

“आणि व्हीजेटीआय मिळालं तर?”

“तर दादरला उतर. जर्नलवर सही कधी आहे?”

“मंगळवारी. बाबा, कॅल्क्युलेटर द्या ना इकडे.”